बालवाडीची फरशी आणि झिरो लेव्हल

"झिरो प्लसमध्ये धरायचा की मायनसमध्ये, ते सांगा. स्लॅब आठवड्यावर आलाय," पाटील साहेब म्हणाले आणि त्यांनी ड्रॉइंग माझ्यापुढे सरकवलं.

आचोळ्यात एका जुन्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चालू होतं. मी साइट इंजिनियर, पाटील साहेब प्रोजेक्ट मॅनेजर, म्हणजे माझे बॉस. नव्या बिल्डिंगखाली सगळं पार्किंग, फक्त एका कोपऱ्यात कुंदाताईंच्या बालवाडीची खोली. जुन्या खोलीत दर पावसाळ्यात पाणी शिरायचं. सतरंज्या कुजायच्या, पोरं घरी बसायची. म्हणून सोसायटीने बिल्डरकडून कबूल करून घेतलं होतं की, बालवाडीची फरशी मायनसमध्ये आली तर भराव घालून ती वर उचलायची.

हे मायनस काय, ते सांगतो. साइटवर एक उंची झिरो लेव्हल म्हणून ठरवतात. आमची झिरो लेव्हल म्हणजे समोरचा रस्ता. त्याच्या वर ते प्लस, खाली ते मायनस. दुर्बिणीतून लेव्हल घेतली, तर बालवाडीची फरशी बरोब्बर झिरोवर! आता ड्रॉइंगमध्ये झिरोच्या मागे अधिक आणि उणे अशी दोन्ही चिन्हं एकाखाली एक लिहायची पद्धत आहे. ज्याने त्याने आपल्या सोयीचं वाचावं.

साहेबांनी तेच केलं. "मायनस नाही ना? मग विषय संपला."

कुंदाताई तिथेच उभ्या होत्या. "प्लस तरी कुठे आहे, साहेब? मी पूर्वी शाळेत गणित शिकवायचे. शून्य दोन्हीकडचं नसतं. आणि एक सांगते, परत पाणी आलं तर मी बालवाडी बंद करणार. सतरंज्या वाळवायची ताकद नाही राहिली आता."

मला फार वाईट वाटलं. ताईंचं गणित बरोबर होतं, पण गणिताने भराव मिळत नाही. साहेबांचीही अडचण होती. फरशी उचलायची तर वरचा स्लॅबही तेवढा उचलायला हवा, नाहीतर डोकं आपटेल. आणि स्लॅबचं शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, लावून तयार होता.

मी विचारलं, "साहेब, वसईला तुमच्या बिल्डिंगच्या गेटला पायऱ्या किती?"

"एक. आधी तीन होत्या. दरवेळी रस्ता करतात आणि..." साहेब बोलता बोलता थांबले.

आमच्याकडे जुना थर न खरवडता त्यावरच नवं डांबर टाकतात. बिल्डिंग आहे तिथेच राहते, रस्ता मात्र चढत जातो.

साहेब ड्रॉइंग घेऊन उठले. मग मुकादमाला हाक मारून म्हणाले, "कोपऱ्यातलं शटरिंग खोला. बालवाडी दोन फूट वर घ्यायची." आणि माझ्याकडे वळून, "हे आधी बोलायला काय झालं होतं तुम्हाला?" बॉस हरला की असंच बोलतो.

बालवाडीला पायऱ्या आणि रॅम्प झाला. यंदा समोर नवं डांबर पडलं. पावसाळ्यात रस्त्यावर पाणी साचलं, तेव्हा मी मुद्दाम बघायला गेलो. पाणी पहिल्या पायरीपाशीच थांबलं होतं. आत पोरं कोरड्या सतरंजीवर बसून बेंबीच्या देठापासून अंक म्हणत होती, आणि कुंदाताई त्यांना आवाज कमी करायला सांगत होत्या. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

शून्य प्लस की मायनस, यावर मी आता वाद घालत नाही. आमच्या भागात ते पुढचं डांबर पडेपर्यंतच शून्य असतं.