वर्नाच्या चार मोकळ्या जागा

…नाही गं, आपली शेजारीण वर्ना थापा मारणारी नव्हेच! मी सांगते, तू लिही. एकवीस वर्षं झाली, इथे मिनेसोटात नगरपालिकेच्या बर्फ काढायच्या गाड्यांनी कुठून कसं जायचं, ते संगणकाला तीच शिकवते. दुसऱ्याच्या कामाला बोट लावायचं नाही, हा तिचा बाणा.

यंदा चाचणीत एक गाडी चर्चच्या गल्लीतच गरगर फिरायला लागली. आठवडाभर डोकं खाजवून वर्नानं चूक पकडली. संगणकासाठी लिहिलेल्या सूचनांतली एकच ओळ चार मोकळ्या जागा आत सरकवायची होती; ओळ किती आत आहे, त्यावरून संगणक तिचा अर्थ लावतो. सरकवली.

आता त्यांच्यात असं असतं, की जुनी प्रत नि नवी प्रत यंत्र शेजारी शेजारी मांडतं. काढलेलं लाल, घातलेलं हिरवं. तिचा साहेब कर्टिस बघतो तर चारशे ओळी लाल, चारशे हिरव्या!

"वर्ना, अगं सगळंच उपटलंस की!"

"मी? एक ओळ हलवली रे बाबा!"

"मग हा काय नाताळ मांडलाय? सोमवारी बर्फ पडणारे. आज उलगडा झाला नाही, तर हे काम मी बाहेरच्यांना देतो."

दोघं ओळ न् ओळ वाचायला बसली. तो लाल वाचे, ही हिरवी. "तेच." "तेच." घसे सुकले. मग कळलं, तिच्या नव्या संगणकानं प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारी खूण चिकटवलेली. कर्टिसनं यंत्राला बजावलं, मोकळं-अदृश्य काही मोजू नकोस.

यंत्र म्हणालं, फरक शून्य.

"घ्या! मघाशी सगळं बदललंस, आता काहीच नाही. आठवडाभर स्वेटर विणलास काय?"

वर्ना पेटली. तिनं घातलेल्या चार जागाही मोकळ्याच ना, त्याही यंत्रानं गिळल्या! तिनं ती ओळ असलेल्या पानाच्या जुन्या-नव्या दोन्ही प्रती छापल्या, एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला दाबल्या. उजेडात सगळ्या ओळी बरोब्बर बसल्या. एकच अंगठाभर सरकलेली.

कर्टिस नाक काचेला लावून बघत राहिला. "बरं, काम तुझ्याकडेच राहू दे."

"राहू दे म्हणजे? गेलं कधी होतं?"

सोमवारी ती गाडी गल्लीतून सरळ बाहेर पडली. आता हे तुझ्या मामाला पाठव. तोही साहेब आहे ना? म्हणावं, कुणावर डाफरण्याआधी कागद खिडकीला लावून बघ.