कोलंबोचं गिऱ्हाईक

कांदा हातात घेतला की माझा शेजारी आधी अंगठ्याने त्याची मान दाबायचा, मग सालावरून नख फिरवायचा आणि जाहीर करायचा, "ह्यो बोट बघंल." नाहीतर, "ह्यो मंचरपल्याड बी जायचा न्हाई." परदेशी पाठवायचा माल तो एवढ्यावर निवडायचा. आळेफाट्याला माझी वखार त्याच्या वखारीला लागूनच. मीही पुष्कळ वर्षं कांदा तसाच दाबून पाहिला. मला फक्त कांदा दिसायचा.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांचं दुकान आपल्या शेजारी असतं आणि गिऱ्हाईक आपल्या दारावरून त्यांच्याकडे जातं. शेतकरी माझ्या फाटकापाशी पिकअपचा वेग कमी करायचे, मला रामराम घालायचे आणि त्याच्याकडे वळायचे. तो रामराम मला शिवीपेक्षा जास्त झोंबायचा.

पण खरा जळफळाट व्हायचा तो त्याच्या कोलंबोच्या गिऱ्हाइकामुळे. तिथला एक घाऊक व्यापारी वर्षानुवर्षं याच्याकडूनच कांदा घ्यायचा. दोघांचं हिंदी सारखंच मोडकं.

"बडे भाई, खाना खाया?" तो तिकडून विचारायचा.

"खाया, खाया! पिठलं!" हा इतक्या मोठ्याने ओरडायचा की समुद्र ओलांडायला फोनची गरजच नसावी. मग दोघे नुसते हसत बसायचे. माझ्या गिऱ्हाइकांनी मला दराशिवाय दुसरं काही विचारल्याचं आठवत नाही.

मग लंकेचं दिवाळं निघालं. परदेशाचं कर्ज इतकं चढलं की देशात डॉलरच उरले नाहीत. त्या व्यापाऱ्याकडे तिथल्या नोटा होत्या, पण डॉलर मिळाल्याशिवाय इकडे पैसे धाडणार कसे? याचे दोन कंटेनर तर आधीच पोचले होते.

"तिकडं लोक आता दोन-दोन कांदं इकत घेत्यात," तो मला सांगत होता. "कोलंबोवाल्याच्या पोरीच्या शाळंत कागद न्हाई, म्हनून परीक्षाच न्हाई झाली."

"अन् तुमचं पैसं?"

"देश बुडालाय राव. माणूस न्हाई बुडाला."

ते वाक्य मला इतकं आवडलं की त्याचा रागच आला.

आता कबूल करतो. त्याच संध्याकाळी चहाच्या टपरीवर, चार शेतकऱ्यांसमोर मी सहज बोलल्यासारखं बोललो, "शेजाऱ्याचं पैसं लंकेत अडाकलं म्हनं." खोटं नव्हतं ते. एरवी माल टाकून महिना-दीड महिना पैशाला थांबायचं, ही त्यांची त्याच्याशी जुनी रीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे एकदम पैसे मागायला त्याच्या दारात उभे राहिले. सवड मिळाली असती तर त्याने प्रत्येकाचे चुकते केले असते. एका दिवसात कुणाला जमणार?

तो कुणाशी भांडला नाही. निवडणीच्या बायकांना दुसरीकडे काम बघायला सांगितलं, ट्रक विकला, शेवटी वखारही विकली. घेतली कुणी? मीच. सही करताना म्हणाला, "तुमी घेतली ते बरं झालं, भाऊ." टपरीवर कोण बोललं, ते त्याने कधी विचारलं नाही. सगळ्यांचे पैसे चुकते करून तो मढ गावाला लेकीकडे राहायला गेला आणि पुढच्या उन्हाळ्यात तिथेच वारला.

वखारीबरोबर तिथला फोनही मी मागून घेतला होता. कोलंबोचं गिऱ्हाईक आपल्याकडे वळेल, ही आशा. यंदा तो फोन वाजला.

"बडे भाई! पैसा भेजता, पूरा!" लंकेत पुन्हा डॉलर मिळू लागले होते.

मी सांगितलं, बडे भाई वारले. त्यांच्या लेकीचा नंबर दिला. आणि लगेच पुढे म्हणालो, माल मी देईन, दरही कमी लावीन.  पलीकडे तो माणूस रडत होता. त्याच्या भाषेत काहीबाही बोलत, लहान मुलासारखा मोठ्याने रडत होता. फाट्यावर माझ्यासाठी असं कोण रडेल, हे मी मनातल्या मनात मोजून पाहिलं.

बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "आप उनका कौन?"

"पडोसी," मी म्हणालो.

"पडोसी!" त्याच्या आवाजात ओळख उमटली. "बडे भाई आखरी फोन में बोला. पडोसी से गलती हुआ, मगर पडोसी अच्छा आदमी."

म्हणजे टपरीवर कोण बोललं, ते शेजाऱ्याला माहीत होतं. तो जिवंत असताना वाटला नव्हता इतका हेवा मला त्याचा त्या क्षणी वाटला.