उलट्या हातांचा सांगाडा

आमच्या कॉलेजातल्या सांगाड्याला जेवता येत नव्हतं. मेलेल्या माणसाला कशाला जेवायचंय, असं कुणी म्हणेल. पण ज्याच्यावरून मी बारावीच्या मुलांना खांदा, कोपर, मनगट शिकवत होतो, त्याचे दोन्ही हात कोपरातून पाठीकडे वाकत. त्याने घास उचलला असता तर तो मानेमागे गेला असता. हे मला ठाऊक होतं. निवृत्त होईपर्यंत ठाऊक होतं.

देवगाव फाट्यापासून थोडं आत असलेल्या एका गावात संस्थेने कनिष्ठ महाविद्यालय काढलं होतं. विज्ञान शाखा आली होती, विज्ञान यायचं बाकी होतं. प्रयोगशाळा म्हणजे आधीची सरकीची वखार. एकच सूक्ष्मदर्शक होता, तो बिघडू नये म्हणून कपाटात कुलपात असे. बरण्यांतले बेडूक पाणी आटून चिंचेसारखे झाले होते. पुस्तक इंग्रजीत, शिकवणं मराठीत आणि मुलं खिडकीबाहेर. तपासणीला येणाऱ्या साहेबांनी शेरा मारला की मानवी सांगाडा पाहिजे, म्हणून संस्थेने तो मागवला.

परभणीपर्यंत तो रेल्वेने आला आणि पुढे एसटीच्या टपावरून. कंडक्टरने विचारलं, "काय हाय पेटीत?"

मी म्हणालो, "शैक्षणिक साहित्य."

"वाजायलंय लय," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं, म्हणून दुपारीच मी आणि शिपाई जोडणीला बसलो. बसलो म्हणजे मी जोडत होतो आणि शिपाई डोळे मिटून, बरगड्या धरून मारुतीचं नाव घेत उभा होता. प्रत्येक हातापायाला चिठ्ठी बांधलेली होती. डावा, उजवा असं इंग्रजीत लिहिलेलं. मी सांगाड्यासमोर उभा राहिलो आणि माझ्या डावीकडे त्याचा जो खांदा आला, तिथे डावा हात अडकवला. समोरच्या माणसाचं डावं आपल्या उजवीकडे असतं, हे दाढी करणाऱ्या न्हाव्यालाही कळतं. मी एम.एस्सी. होतो. पाय कारखान्यातच कमरेला पक्के बसवून आले होते, म्हणून वाचले. मग चिठ्ठ्या बऱ्या दिसत नाहीत म्हणून काढून टाकल्या, आणि गळ्यात पाटी लावली: हात लावू नये. त्या पाटीने मला पुढे खूप सांभाळलं.

संस्थेचे अध्यक्ष मोठे जमीनदार. त्यांनी नारळ फोडला, हार हातात घेतला आणि थबकले. मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, हा कुठल्या समाजाचा?"

"हाडांवरून ते कळत नाही, मालक."

"मग एवढं शास्त्र शिकून उपयोग काय?" ते म्हणाले. हार त्यांनी प्राचार्यांच्या गळ्यात घातला.

ते दिवस विद्यापीठाच्या नावाच्या भांडणाचे होते. पहिली जाळपोळ होऊन गेली होती, पण नाव बदलायचं की नाही यावर पारावर, एसटीत, लग्नाच्या मांडवात माणसं एकमेकांकडे पाहून बोलणं थांबवत. आमच्या शिक्षकांच्या खोलीतही दोन बाजू होत्या. मी कुठल्याच बाजूला नव्हतो आणि त्याचा मला अभिमान होता. मी स्वतःला शास्त्राचा माणूस समजे. शास्त्राच्या माणसाने वर्तमानपत्राचं क्रीडा पान वाचावं, असं माझं धोरण होतं.

त्याच काळात बारावीला एक मुलगा आला. जवळच्याच गावातल्या दलित वस्तीतला, रोज सायकल मारत यायचा. त्याला डॉक्टर व्हायचं होतं, आणि हे तो लपवत नसे. त्याचाही काहींना राग होता. तो शेवटच्या बाकावर बसायचा. त्या मुलांना कुणी मागे बसवत नाही, ती आपणहून बसतात, असं आम्ही सगळे शिक्षक म्हणायचो. शेवटचा बाक सांगाड्याला लागून होता. भुताच्या भीतीने तिथे दुसरं कुणी बसतच नसे. त्यामुळे साऱ्या वर्गात त्या सांगाड्याचा रोजचा शेजारी तो एकटाच होता.

एक दिवस मी स्नायू शिकवत होतो. म्हटलं, "सगळ्यांनी डावा हात उजव्या दंडावर ठेवा. आता उजव्या हाताने घास घेतल्यासारखं करा. पुढचा स्नायू आखडतो, मागचा सैल होतो, आणि हात तोंडाशी येतो." वर्गभर माणसं जेवू लागली. दोघांनी ढेकरही दिले.

मागून आवाज आला, "सर, ह्यो मानूस जेवायचा कसा?"

पाहिलं तर त्याने पाटी न जुमानता सांगाड्याचं मनगट धरून वर उचललं होतं, आणि हात कोपरातून मागे, पाठीकडे वळला होता.

"पंगतीला पाठ करून बसत असंल!" एकजण म्हणाला.

"न्हाई बे, ह्याला बायकू भरवायची," दुसरा म्हणाला.

वर्ग हसून लोळला. तो मात्र हसत नव्हता, उत्तराची वाट पाहत होता. काय चुकलंय ते त्याच क्षणी माझ्या लक्षात आलं. 'अरे, हात उलटे बसलेत' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो, "मेल्यावर स्नायू गळून जातात, सांधे सैल होतात आणि कोपर उलटं फिरतं. लिहून घ्या."

सगळ्यांनी लिहून घेतलं. फक्त त्याने पेन उचललं नाही.

ते वाक्य फार जगलं. पुढे काही वर्षांनी चारठाण्याला एका मयतीला गेलो होतो. माझाच एक जुना विद्यार्थी, आता चांगला बागायतदार, पुढे होऊन सांगत होता, "हात बांधा आधी! सर सांगायचे, कोपरं उलटत्यात." माणसांनी घाईघाईने मयताचे हात बांधले. सर मागे उभे होते. सरांनी मान हलवली.

त्या स्नायूंच्या तासानंतरच्या रविवारी दुपारी मी एकटाच प्रयोगशाळेत गेलो आणि पुस्तक उघडून हाडं पाहिली. दंडाच्या हाडाला वर एक गोळा असतो, तो छातीकडे पाहिजे. खाली कोपराशी एक खड्डा असतो, तो मागे पाहिजे. आमच्या सांगाड्याचे खड्डे पुढे होते. खांद्यांचे दोन आकडे काढायचे, हात बदलून परत घालायचे, चहा निवेपर्यंत काम झालं असतं. मी आकड्याला हात घातला आणि परत काढला. सोमवारी तो मुलगा येऊन बाजूला बसणार होता, आणि त्याला कळणार होतं.

प्राचार्यांच्या कानावर घालावं म्हणून गेलो. ते अडकित्त्याने सुपारी कातरत होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "कुणी काढलं हे?" मी मुलगा सांगितला.

"मग तर मुळीच हात लावू नका," ते म्हणाले. "आज त्याच्या म्हणण्यावरून हात बदलाल, उद्या म्हणतील कॉलेजची पाटी बदला. दिवस कसले आहेत ते बघा की जरा."

मी म्हणालो, "बरोबर आहे, सर." आजवर मी त्यांचं वाक्य पुढे करत आलो. पण खरं सांगायचं तर मला ते ऐकून हायसं वाटलं होतं. मी सल्ला विचारायला गेलोच नव्हतो, निमित्त शोधायला गेलो होतो.

त्या काळी वैद्यकीयचा प्रवेश बारावीच्या गुणांवर होता आणि त्यात प्रात्यक्षिकाचे गुण धरले जात. शिक्षकांच्या खोलीत म्हणत, "त्यांना काय, जागा ठेवलेल्याच आहेत." जणू जागेवर रुमाल टाकला की झालं. त्या जागांसाठीही चढाओढ होती आणि एकेक गुण मोलाचा होता. हे त्याला माहीत होतं, आणि त्याच्यापेक्षा मला जास्त माहीत होतं.

परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. प्रात्यक्षिक परीक्षेत आमच्याकडे सगळ्यात कसून तपासलं जायचं ते मटण. ते उत्तीर्ण झालं, आणि परीक्षक दात कोरत टेबलाशी बसले. सांगाड्याच्या उजव्या खांद्याचा हात काढून टेबलावर ठेवला होता. हाड ओळखा, बाजू सांगा. आधीची मुलं रिकाम्या खांद्याकडे पाहत, "दंडाचं हाड, उजवं," म्हणत आणि गुण घेऊन जात.

तो आला. हाड उचलून पाहिलं आणि म्हणाला, "दंडाचं हाड. डावं."

परीक्षकांनी खांद्याकडे पाहिलं. "नीट बघ. उजवीकडचं काढलंय ते."

"लावलंय उजवीकडं, सर, पन हाड डावं हाय." त्याने ते स्वतःच्या डाव्या दंडाशी धरलं. "ह्यो गोळा छातीकडं, ह्यो खड्डा मागं. उजवीकडं धरलं तर खड्डा पुढं येतो. मग मानसाला जेवता येनार न्हाई."

त्याच्या दंडाशी ते हाड असं बसलं होतं की आंधळ्यालाही कळावं. परीक्षक माझ्याकडे वळले. "काय हो? पोरगं डावं म्हणायलंय. काय धरू?"

तोही माझ्याकडेच पाहत होता, अजूनही त्या वर्गातल्यासारखाच, उत्तराची वाट पाहत.

मी म्हणालो, "आमच्याकडे उजवं आहे."

"मग झालं," म्हणत परीक्षकांनी त्याचे गुण कापले.

त्या वर्षी त्याचा प्रवेश हुकला. लेखी परीक्षेत त्याला चांगले गुण होते. जेवढे कमी पडले, त्याहून जास्त त्या टेबलावर गेले होते. शिक्षकांच्या खोलीत कुणीतरी म्हणालं, "मेहनत कमी पडली." मी चहा घेत होतो. मी तो संपवला.

वर्षभर तो बापाबरोबर रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडत होता. एसटीतून जाताना मला दोनदा दिसला. दोन्ही वेळा मी पलीकडच्या खिडकीतून शेत पाहिलं. त्या शेतात पाहण्यासारखं काही नव्हतं.

पुढच्या वर्षी तो परत परीक्षेला बसला. प्रात्यक्षिकही पुन्हा द्यायचं होतं. परीक्षक नवे होते, मटण तेच आणि टेबलावर हातही तोच. मधल्या सगळ्या सुट्ट्यांत मी तो बदलला नव्हता. आदल्या दिवशी टेबलावर दुसरं काही ठेवता आलं असतं. एखादी कवटी ठेवली असती, तिला डावं-उजवं नसतं. मला सुचलंही होतं. मग वाटलं, त्याच्यासाठी म्हणून बदललं असं दिसेल.

त्याने हाड उचललं. खालच्या खड्ड्यात अंगठा ठेवला. हाताला घट्टे पडले होते.

"ओळखा," परीक्षक म्हणाले.

"दंडाचं हाड."

"बाजू?"

त्याने परीक्षकांकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं. "तुमच्याकडं उजवी, सर."

परीक्षकांना त्यात काही खटकलं नाही. त्यांनी पूर्ण गुण दिले. मी आयुष्यभर शरीरशास्त्र शिकवलं, पण ज्याच्या डोक्यात ते खरंखुरं उतरलं होतं, त्याला मी शेवटी शिकवलं ते हे, की बरोबर बोललास तर गुण जातात.

त्याला प्रवेश मिळाला. संस्थेने लगेच माहितीपत्रकात छापलं, 'आमचा गुणवंत विद्यार्थी'. अध्यक्षांनी सत्कार ठेवला. त्या दिवशी मालकांनी पुन्हा हार आणला होता, पण घालून घ्यायला तो आलाच नाही. कागद न्यायला मात्र आला, तेव्हा प्रयोगशाळेच्या दारात गाठ पडली. मी म्हणालो, "अभिनंदन. नाव काढलंस." तो माझ्या पाया पडला नाही. दारातूनच त्याने सांगाड्याकडे पाहिलं.

"सर, आता तरी त्याला जेवू घाला," तो म्हणाला, आणि सायकल काढून गेला. त्यानंतर मला तो दिसला नाही.

मी घातलं नाही. आता तो पाहायला येणार नव्हता, तरी नाही. मागच्या सगळ्या मुलांनी तेच लिहिलं होतं, पुढचीही लिहीत होती, आणि आमच्याकडे चूक पुरेशी जुनी झाली की तिला शिस्त म्हणतात. विद्यापीठाचं भांडणसुद्धा शेवटी मिटलं. आमच्या वखारीत हात उलटेच राहिले.

गेल्या हिवाळ्यात पक्कड घेऊन मी कॉलेजात गेलो. सांगाडा अडगळीच्या खोलीत होता. तिथल्या तरुण बाईंनी किल्ली आणून दिली. "आम्ही आता सगळं मोबाइलवरच दाखवतो, सर. हा कशाला हवाय तुम्हाला?" मी आकडे काढले. माझाच खांदा धड वर जात नाही, म्हणून एक हात त्यांनी धरला. काम झालं तेव्हा बाहेर मधली सुट्टी संपलेली नव्हती. मग मी त्याचं मनगट धरून उचललं. हात पुढे वाकला आणि तोंडाशी गेला. जबड्याची स्प्रिंग कधीच तुटली होती. तोंड उघडंच होतं.

"अय्या, आधी उलटे होते होय?" बाई म्हणाल्या. "इतकी वर्षं कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"आलं होतं," मी म्हणालो. "एका मुलाच्या. मी त्याचे गुण कापवले."

त्या हसल्या. त्यांना वाटलं, जुने सर गंमत करायलेत. गंमत नव्हती, म्हणून लिहून ठेवतो आहे. हाड डावं होतं.