वडिलांचा हात आणि आठ व्हॉल्व्ह

तिवशाजवळ आमची फुलशेती आहे, झेंडू आणि शेवंती. माल अमरावतीच्या बाजारात न्यायला एक म्हातारा छोटा ट्रक आहे. वडिलांनी तो इतकी वर्षं चालवला की गावात काही जण त्यांना ट्रकवाले बाबा म्हणूनच ओळखतात. मागच्या पावसाळ्यात त्याने निळा धूर सोडायला आणि दर फेरीला ऑइल प्यायला सुरुवात केली. इंजिन खोलावं लागणार हे मलाही कळत होतं. मी म्हणालो, अमरावतीहून मिस्त्री बोलावू.

"मिस्त्री कायले पायजे?" वडील म्हणाले. "मी सांगतो, तू खोल."

वडील सत्तरीच्या पुढे आहेत. दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरतो. शर्टाची बटणं लावायला कोणीतरी लागतं. घरात हे सगळे पाहतात आणि कोणी बोलत नाही. म्हणून मी मुकाट्याने पाने-पकड हातात घेतली आणि ते गोठ्याच्या सावलीत खाट टाकून बसले. पुढचे पंधरा दिवस त्यांनी उंटावरून शेळ्या हाकल्या आणि मी शेळीसारखा पळत राहिलो. पिस्टनच्या नव्या रिंगा आल्या, बेअरिंगं आली, गॅस्केटं आली.

एक काम मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवलं. "वाल मी घासीन. ते तुह्या हातचं काम नाई."

वाल म्हणजे व्हॉल्व्ह. या इंजिनात असे आठ, चार मोठे आणि चार छोटे. प्रत्येकाला पेस्ट लावून त्याच्या त्याच्या बैठकीवर घासायचं, इतकं की दोघांत हवा जायला जागा उरू नये. एकदा घासला की तो व्हॉल्व्ह त्याच बैठकीचा. रबरी चकती लावलेली काडी दोन तळहातांत धरून वडील रवीसारखी घुसळत बसले. गंमत म्हणजे त्या कामात हात थरथरलेला दिसत नव्हता. दोन दिवसांनी त्यांनी आठही व्हॉल्व्ह पुठ्ठ्याच्या खोक्याला भोकं पाडून त्यात रोवले आणि प्रत्येक भोकापाशी पेन्सिलीनं नंबर घातला. त्या संध्याकाळी ते खूप दिवसांनी मोठ्यानं बोलत जेवले.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. दसऱ्याच्या बाजाराला शेजाऱ्याच्या गाडीतून झेंडू घेऊन वडील अमरावतीला गेले, म्हणून हत्यारांची पूजा माझ्याकडे आली. मी फावडी, विळे, फवारणीचा पंप, पाने, सगळं धुऊन पुसून पाटावर मांडलं. व्हॉल्व्ह तर आमच्या पोटापाण्याच्या इंजिनाचे, त्यांना कसं वगळणार? तेही डिझेलनं चकाचक केले, हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. संध्याकाळी सगळं उचलून पुन्हा पुसलं आणि जागेवर ठेवलं. बायको म्हणाली, यंदाची पूजा फार देखणी झाली.

दसरा झाल्यावर इंजिन बांधलं. स्टार्टर मारला तर इंजिन बिनदिक्कत गरगर फिरतंय, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतोय आणि पेट काही घेत नाही. बॅटरी बदलली, डिझेलच्या नळीतली हवा काढली, ट्रक उतारावरून ढकलला. काही नाही. दिवाळीचा झेंडू फुलायला आला होता.

अखेर अकोल्याहून मेहुण्याला बोलावलं. तो डिझेल गाड्यांचंच काम करतो. त्यानं डिझेल फवारणारं नोझल काढून त्या जागी कॉम्प्रेशनचा दाब मोजायचं घड्याळ बसवलं. पहिला सिलिंडर ठीक निघाला. दुसऱ्या आणि तिसऱ्यात काटा अर्ध्यावरच थांबला, चौथा जेमतेम. मग त्यानं दुसऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं. रिंगा गळत असत्या तर ऑइलनं फट भरून काटा वर गेला असता. तो अर्ध्यावरच राहिला.

"रिंगा चांगल्या हायेत, भाऊजी," तो मला म्हणाला. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर आणून त्यानं व्हॉल्व्ह बंद असतील असं इंजिन फिरवलं आणि नोझलच्या भोकातून हवा भरली. हवा जिथून सुटेल तिथे दोष. मी कान लावायला वाकलो तर वडिलांनी मला बाजूला सारलं आणि स्वतः सायलेन्सरशी उकिडवे बसले. त्यांनी बराच वेळ ऐकलं. सूं सूं आवाज मला उभ्यानंही येत होता.

"वालातून जाऊन राह्यली," ते म्हणाले. उठले, हौदावर हात धुतले. "हात गेला माहा. भंगारवाल्याले फोन कर."

"एका व्हॉल्व्हसाठी कोणी ट्रक विकतं का, बाबा?"

"वालाची गोष्ट नाई बे. दोन दिवस घासले म्या. मले वाटलं जमलं. जमलं नाई हेबी मले कळलं नाई."

एवढं बोलून ते शेताकडे चालते झाले. त्यांच्यावर चिडावं की रडावं हे मला कळेना. मी दोन्ही थोडं थोडं केलं.

मेहुण्यानं इंजिनाचं वरचं झाकण, म्हणजे हेड, उतरवलं, व्हॉल्व्ह काढले आणि एकेक उजेडात धरून पाहिला. घासल्याची चकचकीत कड प्रत्येकावर एकसारखी, कुठे तुटलेली नाही. बैठकीही तशाच. पण एका व्हॉल्व्हची कड रुंद तर त्याची बैठक अरुंद. त्यानं मान वर केली.

"भाऊजी, नंबरानंच लावले होते ना?"

"हो. खोक्यातून काढले तसेच लावले."

चहा घेऊन आलेली बायको मोबाइल चाळत होती. तिनं तो आमच्यापुढे धरला. नातेवाइकांच्या ग्रुपवर तिनं टाकलेला खंडेनवमीचा फोटो. पाटावर माझी मांडणी: वरच्या ओळीत चार मोठे व्हॉल्व्ह, खालच्या ओळीत चार छोटे, प्रत्येकावर एक झेंडू. पूजेनंतर मी मोठे मोठ्या भोकांत आणि छोटे छोट्या भोकांत ठेवले होते. कुठला कोणत्या नंबराचा, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मेहुण्यानं फोटो पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "करायले गेले गणपती अन् झाला मारुती."

मी चहा न पिता शेतात गेलो. वडील बांधावर बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी ते पुन्हा सांगायला लावलं.

"म्हंजे घासणी बरोबर होती?"

"बरोबर होती. मेहुणा म्हणतो, एकसारखी कड आहे."

"अन् घोळ तूनं केला."

"मीच केला."

"पूजा करून."

"हो."

ते हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले, डोळे पुसले, पुन्हा हसले. माझ्या कुठल्याही पास होण्यानं, नोकरीनं, लग्नानं त्यांना इतकं सुख झालेलं मी पाहिलं नव्हतं. मलाही फार बरं वाटलं. घरी येताना ते माझ्या पुढे चालत होते.

व्हॉल्व्ह त्यांनी पुन्हा घासले. या वेळी प्रत्येकावर पंचनं त्याच्या नंबराइतके ठिपके मारले आणि खोकं उशाशी घेऊन झोपले. इंजिन बांधून मोजलं तेव्हा चारही सिलिंडर जवळपास एकाच आकड्यावर आले. मेहुण्यानं स्टार्टर मारला, ट्रक दोनदा खोकला आणि सुरू झाला. वडील म्हणाले, आवाज अजून बसायचा आहे.

लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी पहाटे झेंडू भरून आम्ही निघालो. मी चालवत होतो, ते शेजारी बसून माझ्या गिअर बदलण्याला नावं ठेवत होते. बाजारात माल उतरल्यावर ओळखीच्या अडत्यानं चहा मागवला. वडिलांनी कप उचलला तसा तो हिंदकळला आणि थोडा चहा फुलांच्या पोत्यावर सांडला.

"बाबा, हात लयच हालून राह्यला तुमचा," अडत्या म्हणाला.

मी दुसरीकडे पाहिलं. एरवी अशा वेळी वडील कप खाली ठेवत आणि हात खिशात घालत.

"हालते ना," ते म्हणाले आणि हात तसाच पुढे धरला. "वाल घासताना नाई हालत. इचार याले."

अडत्या माझ्याकडे वळला. मागचे दोन हमालही थांबले. मी पाटापासून फोटोपर्यंत सगळी हकिकत सांगितली, माझी चूक जरा वाढवूनच.