लेकीची अंघोळ

माझ्या बाळंतपणासाठी आई नागपूरहून आमच्याकडे मारतहळ्ळीला आली ती डिंकाचे लाडू आणि बाळाच्या मालिशचं तेल घेऊनच. मी पहिल्याच दिवशी बजावलं, "बाळाला अंघोळ मीच घालणार, लंगोटही मीच बदलणार." ओली बाळंतीण, धड वाकता येत नव्हतं, तरी बाथरूमची कडी लावून मी लेकीला न्हाऊ घालायचे. आई बाहेर टॉवेल घेऊन उभी राहायची.

आमचं बाळ मुलगा की मुलगी, हे जन्मल्यावर डॉक्टरांनाही नुसतं पाहून सांगता आलं नव्हतं. तपासण्यांनंतर कळलं, मुलगीच आहे. मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींमध्ये दोष आहे, म्हणून बाहेरून अंग वेगळं दिसतं. ऑपरेशनची घाई नको, ते ती मोठी झाल्यावर तिलाच विचारून ठरवू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण औषध चुकवायचं नाही, उलट्या झाल्या तर तडक इस्पितळ गाठायचं, आणि हे घरात सगळ्यांना माहीत हवं. नवरा म्हणाला, "आईंना सांगूया." मी त्याच्यावर खेकसले. झाकली मूठ सव्वा लाखाची! औषधाला मी टॉनिक म्हणत राहिले. खरं सांगते, मला माझ्या तान्ह्या लेकीची लाज वाटत होती, आणि लाज वाटते याचीही लाज वाटत होती.

एका दुपारी आम्ही दोघं माझे टाके दाखवायला गेलो आणि इकडे बाळाला उलट्या सुरू झाल्या. आईने पोटाला ओव्याचा शेक दिला, दृष्ट काढली. तिला दुसरं काय ठाऊक असणार? आम्ही परतलो तेव्हा लेक मलूल होऊन तिच्या मांडीवर पडली होती. तशीच उचलून रिक्षात घातली.

"स्वल्प जागा बिडी, अम्मा," म्हणत कानडी नर्सने जागा करायला आम्हाला बाजूला सारलं, सुई टोचली, लंगोट सोडला. आई माझ्या शेजारीच उभी होती. तिने सगळं पाहिलं. मला वाटलं, धरणीने पोटात घ्यावं. लेक वाचतेय एवढं कळल्यावर मी रडत रडत आईला पहिल्यापासून सगळं सांगितलं.

आईने बाळाचं पांघरूण सारखं केलं.

"इतकंच होतं तर सांगायचं नं, बाई," ती म्हणाली. "मला वाटलं, माझ्या हातावर कोड आहे म्हणून तू लेकीच्या अंघोळीला हात लावू देऊन नाही राहिली."