टायरमधला माशाचा काटा

मंडळी, आज पार दमलेय, पण हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

माझी सून सायकलने अंगणवाडीत शिकवायला जाते. आज सकाळी बघते तर चाक बसलेलं. आमच्या देवबागेतून पंक्चरवाला लांब, म्हणून मीच बादली घेऊन बसले. ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधलं, घासून पॅच लावला. मग सवयीने टायरच्या आतून बोट फिरवलं, तर शिंगाळा माशाचा काटा लागला. काल मीच अंगणात मासे साफ केले होते.

"आई, ह्यो काटो खंयसून इलो?" सुनेने विचारलं.

"म्हावरा साफ करताना पडलो असतलो गो."

ती काही बोलली नाही. परवाच मी तिला म्हटलं होतं, सायकल सोड आणि रिक्षाने जा.

ते गप्प राहणं माझ्या ओळखीचं आहे. ऐंशीच्या दशकात मी नवी नवरी, याच वाटेने सायकलवरून शाळेत शिकवायला जायचे. सासूबाई कुरकुरायच्या, "बायलमाणसाक सायकल कित्याक व्हयी?" एकदा माझ्याही टायरात असाच काटा निघाला. त्या म्हणाल्या, हातून पडला असेल. मी काही बोलले नाही. पण तो त्यांनी मुद्दाम टाकला, असंच मी धरून चालले. त्या गेल्या तरीसुद्धा.

सून घरी आली की तिला पुन्हा सांगणार आहे, काटा खरंच चुकून पडला. पण तिने माझं खरं का मानावं? मी कुठे सासूबाईंचं मानलं होतं?

तुम्ही मानलं असतं?