पडद्यामागून दिसलेला पाय

साखरखेर्ड्याच्या बाजारात तंबूतला सिनेमा आला की गाव पडद्याने वाटलं जायचं. समोर पुरुष बसत, पडद्याच्या मागे बायका आणि आम्ही मुली. पडदा पातळ कापडाचा होता, चित्र दोन्हीकडून दिसे. बायकांना मागे बसण्याचं काही वाटत नव्हतं. उलट तिकडे पाय पसरून बसता येई आणि मोठ्याने बोलताही येई. फक्त सिनेमातल्या सगळ्या बायांचा पदर उजव्या खांद्यावर कसा, याचं आम्हाला नवल वाटायचं. त्यावर माझ्या आईने निकाल दिला होता की त्या बाया गुजराती असणार.

त्या वर्षी जो सिनेमा आला त्याने गावाचं डोकंच फिरवलं. गिरणीतला एक कामगार रागाच्या भरात आपल्याच मित्राचा जीव घेतो आणि पळून जातो. घरी बायको दिवा लावून वाट पाहते. हा गावोगाव लपत फिरतो. शेवटी थकलेला तो चालतो आहे, मागून शिट्टी ऐकू येते, आणि मग पडद्यावर नुसता एक उंबरठा आणि त्यावरून आत पडणारा एक पाय. तिथेच अंधार. लोकांनी ओरडून मशीनवाल्याला पुढचं रीळ लावायला सांगितलं. पुढचं रीळच नाही म्हटल्यावर ते त्याच्या अंगावर जायचेच काय ते राहिले.

दुसऱ्या दिवशी पारावर हाच विषय. तो उंबरठा घराचा की तुरुंगाचा? शाळेचे मास्तर म्हणाले की शेवट आपण आपल्या मनाने समजून घ्यायचा असतो. त्यावर एक म्हातारा चिडून म्हणाला, मास्तर, मनानंच समजायचं होतं तं आमी घरी बसून समजलो असतो. पण पुरुषांचं एका गोष्टीवर एकमत होतं, आत पडला तो डावा पाय होता. डावा पाय टाकून कोणी आपल्या घरात शिरतं का? तेव्हा तो तुरुंगच. इकडे पाणवठ्यावर बायकांचंही एकमत होतं, पाय उजवा होता. सून उजवा पाय टाकून येते, नवरदेवही उजवाच टाकतो, म्हणजे तो घरीच आला. घराघरांत नवराबायकोची यावरून जुंपली. पडद्याच्या दोन बाजूंनी डावं-उजवं पालटतं, हे कुणाच्याही ध्यानात आलेलं दिसेना.

या भांडणाचं आमच्या घरात मात्र कुणालाच हसू येत नव्हतं. माझी आत्या, बाबांची धाकटी बहीण, आमच्याकडेच राहत होती. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून तिच्या नवऱ्याने चुलतभावाला कुऱ्हाडीने मारलं होतं आणि तो हद्द ओलांडून मोगलाईत, पलीकडच्या संस्थानात, पळाला होता. तिथे इकडच्या पोलिसांचं काही चालत नसे. तो जिवंत आहे की मेला, कुणाला ठाऊक नव्हतं. आता बारा वर्षं भरत आली होती. बारा वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाचा गवताचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी आमच्यात रीत. तो दिला की बायकोच्या बांगड्या फुटणार. वडीलधारे म्हणत होते, देऊन टाका. आमच्यात विधवेचा पाटही लागतो, म्हणजे दुसरं लग्न. बीबी गावच्या एका विधुराचं, भाजीचा मळा असलेल्या भल्या माणसाचं, बोलणंही येऊन गेलं होतं. पण आत्या हो म्हणेना, नाही म्हणेना. आणि तिचं कपाळ पुसायला बाबांचा हात धजेना.

सिनेमातल्या त्या माणसाची गोष्ट आत्याच्या नवऱ्याची आहे, हे गावात कुणी बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांच्या मनात तेच होतं. दोन-तीन दिवसांनी आम्ही जेवायला बसलो होतो. आत्याने बाबांच्या ताटात भाकर वाढली आणि तिथेच उभी राहिली.

"भाऊ, तुमी समोर बसले होते. त्यानं कोन्ता पाय टाकला?"

बाबांनी घास खाली ठेवला. मला वाटलं ते लगेच सांगतील, पण त्यांनी आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"उजवा," ते म्हणाले. "उजवाच होता, बाई."

आत्याने भाकरीची टोपली उचलली. ती चुलीकडे गेली आणि उरलेल्या भाकरी थापू लागली. पुतळ्याचा विषय त्या दिवसापासून बंद झाला. पुढे बीबीच्या माणसाने दुसरीकडे पाट लावला. बाबांनी आईला सांगितलं तेव्हा मी तिथेच होते: पाय डावा होता, मी डोळ्यांनी पाहिला, पण तिच्या तोंडाकडे पाहून माझ्याने बोलवेना. आईने डोळ्याला पदर लावला. मलाही बाबांचा फार अभिमान वाटला होता.

आत्या जन्मभर कुंकू लावत राहिली. मोगलाईतून कुणीच आलं नाही. पुढे मोगलाईच राहिली नाही.

तिच्या शेवटच्या दुखण्यात मी माहेरी आले होते. तिच्या विरळ केसांना तेल लावताना मी सहज त्या सिनेमाची आठवण काढली. मागून सगळं उलटं दिसत होतं हे मला लग्नानंतर शहरात कळलं, असं हसत सांगितलं.

"मले तवाच समजलं होतं," ती म्हणाली. "साऱ्या जगाच्या बाया गुजराती कशा असतील?"

"मग बाबांना का विचारलंस?"

तिने डोळे मिटले.

"माह्या तोंडून कसं निंगन, का माह्या नवऱ्याले अग्नी द्या म्हणून? मले वाटलं, भाऊ खरं सांगन. डावा म्हणला असता, तं मी त्या दिवशी रडून मोकळी झाली असती. बीबीले गेली असती."

थोड्या दिवसांनी ती गेली. तिला हिरवा चुडा भरला, नवं लुगडं नेसवलं, ओटी भरली. गावच्या बायका रांगेने येऊन तिच्या पायांवर डोकं ठेवत होत्या, सवाष्ण गेली, भाग्याची म्हणत होत्या. मळवट भरायचं माझ्याकडे आलं. बाहेर ओसरीवर म्हातारे बाबा भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला रडत रडत सांगत होते की माझ्या बहिणीचं कुंकू मी राखलं. त्यांचा आवाज ऐकत मी तिच्या कपाळभर कुंकू लावलं.